निर्णयावाचून मरण

ज्याच्यावर लाच घेतल्याचा आरोप आहे आणि ज्याची चौकशी अद्याप चालू आहे असा एखादा न्यायाधीश निकालापूर्वीच मरण पावला, अशी वार्ता शिरूरच्या बाजारपेठेत किंवा दौंडच्या स्टेशनाबाहेरील चहाच्या दुकानात येऊन पोहोचली, म्हणजे तिच्यावर कोणती भाष्ये होतील हे ह्या मुलखातील माणसाला सांगावे लागत नाही. एक जण म्हणतो, "केलं ते भोगलं." दुसरा आवाज खाली आणून म्हणतो, "कुठंतरी पाणी मुरतंय. त्याला बोलू दिलं नसणार." आणि बाकावर बसलेले कोणी वडीलधारे दोघांनाही थांबवून म्हणतात, "जाऊ द्या, गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये." पहिल्याच्या लेखी मृत्यू हाच निकाल असतो, दुसऱ्याच्या लेखी मृत्यू हाच पुरावा असतो, आणि तिसऱ्याच्या लेखी मृत्यू म्हणजे दप्तर बांधून ठेवण्याचा हुकूम असतो. तिन्ही वचने आपल्या धर्मभावनेतूनच आलेली आहेत, आणि तरीही तिन्हींनी सत्यशोधनाचा मार्ग सारखाच अडतो, अशी माझी दृढ समजूत होत गेली आहे. मृत्यूने मनुष्याच्या कर्माचा हिशेब मिटतो काय, आणि मिटत नसेल तर तो पुरा करण्याचे दायित्व कोणावर येते, हा प्रश्न त्यामुळे केवळ कायद्याचा राहत नाही.

असे प्रसंग कल्पनेतले नाहीत. 2012 साली हैदराबादेत, खाणीच्या प्रकरणात अटक झालेल्या एका बड्या राजकीय पुढाऱ्याला जामीन देण्यासाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून न्यायाधीशांनाच अटक झाली. त्यांपैकी निलंबित झालेले एक न्यायाधीश खटल्याचा निकाल लागण्यापूर्वीच आपल्या राहत्या घरी मृतावस्थेत आढळले, आणि ती आत्महत्या होय असे पोलिसांनी सांगितले. त्याच्याही आधी, गाझियाबादच्या जिल्हा न्यायालयातील कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीच्या अपहाराचे प्रकरण निघाले. त्यातील मुख्य आरोपी हा न्यायालयाच्या खजिन्याचा नाझर. त्याने आपल्या जबानीत अनेक न्यायाधीशांची नावे घेतली, आणि ऑक्टोबर 2009 मध्ये तो तुरुंगातच मरण पावला. ज्याच्या साक्षीवर इतरांचे दोष किंवा निर्दोषत्व अवलंबून होते, तोच पडद्याआड गेल्यावर जे उरले ते संशयाचे होते, आणि त्या संशयात दोषी व निर्दोष सारखेच भिजले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सर्वांना ठाऊक असलेले प्रकरण न्यायाधीश ब्रिजगोपाल लोया ह्यांच्या मृत्यूचे होय. त्यांच्यावर कोणताही आरोप नव्हता, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. ते सोहराबुद्दीन शेख चकमकीचा खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात चालवीत होते. सहकाऱ्याच्या घरच्या लग्नकार्यासाठी ते नागपूरला गेले, रविभवनात उतरले, आणि 1 डिसेंबर 2014 रोजी पहाटे प्रकृती बिघडून निवर्तले. तीन वर्षांनी एका मासिकाने त्या मृत्यूविषयी प्रश्न उपस्थित केले, राज्याच्या गुप्तवार्ता विभागाने बरोबरच्या न्यायाधीशांची निवेदने घेतली, आणि 19 एप्रिल 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यू नैसर्गिक असल्याचा निर्वाळा देऊन स्वतंत्र चौकशीच्या याचिका फेटाळल्या. त्या निर्णयाविरुद्ध सांगण्याजोगे प्रमाण माझ्यापाशी नाही, आणि प्रमाणावाचून मी तो खोटा म्हणणार नाही. मात्र निवेदने देणाऱ्या न्यायाधीशांची उलटतपासणी व्हावी ही याचिकाकर्त्यांची मागणी मान्य झाली नाही, आणि लोकांच्या मनातील शंकेने तेवढ्याच जागेत घर केले. न्यायाधीशाचा शब्द न्यायाधीशाने विनातपासणी स्वीकारला, ह्यात कायद्याची चूक नसेलही. परंतु ज्याला रोज साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून वकिलाचे प्रश्न झेलावे लागतात, त्या सामान्य पक्षकाराच्या अंतःकरणाला ते पटले नाही.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण ज्या लोकांत रुजली ते लोक मूळचे संशयी स्वभावाचे नव्हते. अनुभवाने तसे झाले. 12 मे 1875 रोजी सुपे येथे सावकारांविरुद्ध जो दंगा उसळला, तो तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातला. आजचा दौंड तालुका त्याच भीमथडीत मोडत असे, आणि हा वणवा पुढे शिरूर, इंदापूर, श्रीगोंदे असा पसरला. दंगेखोरांनी सावकारांचे प्राण घेतले नाहीत. त्यांनी घरांतून रोखे, खतपत्रे बाहेर काढून चव्हाट्यावर जाळली. ह्याचे कारण उघड होते. निरक्षर कुणब्याने ज्या कागदावर नांगराची निशाणी केली त्यात काय लिहिले आहे हे त्याला ठाऊक नसे, समन्स त्याच्यापर्यंत पोहोचत नसे किंवा पोहोचले तरी न्यायालयापर्यंत जाण्याची त्याची ऐपत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा होऊन बेलिफ दारात उभा राही. न्यायालय त्याच्या दृष्टीने सावकाराच्या पेढीचाच एक भाग झाले होते.

ह्या इतिहासातील पुढचा भाग मला फार मोलाचा वाटतो. सरकारने आयोग नेमला, चौकशी झाली, आणि 1879 साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा होऊन, केवळ रोख्यावर विसंबून न राहता त्याच्या पाठीमागे जाऊन मूळ व्यवहाराचा इतिहास तपासण्याचे काम न्यायालयावर सोपविण्यात आले. म्हणजे भीमथडीच्या कुणब्याचा जो संशय होता, की कागद एक बोलतो आणि घडलेले दुसरेच असते, तोच कायद्याने आपला म्हटला आणि त्याला चौकशीचे रूप दिले. पुढे 1888 साली पुण्याचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड ह्यांचे प्रकरण उघडकीस आले. मामलेदारांनी नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी पैसे भरले होते, आणि हेच मामलेदार फौजदारी अधिकार चालवीत होते. जो स्वतः पैसे मोजून खुर्चीवर बसला त्याने दिलेला न्याय तो न्याय काय, हा वाद पार विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेला. तालुक्याच्या गावी लोकांनी तो वाद पिंपळाच्या पारावर आधीच घातला असेल, ह्याविषयी मला शंका नाही.

पण लोकांचा संशय चौकशीची वाट न पाहता स्वतःच गादीवर बसला म्हणजे काय घडते, ह्याचेही उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. घाशीराम सावळदास हा पुण्याचा कोतवाल; त्याच्या जुलुमाच्या आणि लाचखोरीच्या कथा अगणित. ऑगस्ट 1791 मध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, लोक खवळले, आणि शेवटी त्याला जमावाच्या स्वाधीन करण्यात येऊन दगडांनी ठेचून मारण्यात आले. त्याचे अपराध किती होते, कोणाच्या आश्रयाने घडले, त्यात भागीदार कोण, हे सारे त्या दगडांखाली गाडले गेले. लोकांना देहान्त मिळाला. निर्णय मिळाला नाही. ह्याच्या अगदी उलट, शिरूरच्या छावणीत 1809 साली वारलेल्या कर्नल वॉलेस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या थडग्याला गावकऱ्यांनी सत्पुरुषाचे स्थान मानले आणि सुगीच्या दिवसांत तेथे नव्या धान्याचा नैवेद्य नेऊ लागले, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. मेलेल्या माणसाला राक्षस ठरविणे आणि देव ठरविणे ह्या दोन्ही गोष्टी लोकमानसाला सारख्याच सोप्या जातात, कारण तो उत्तर द्यायला येत नाही.

येथे आपल्या दर्शनकारांचे स्मरण होते. गौतमाच्या न्यायशास्त्राने जे सोळा पदार्थ मानले त्यांत प्रमाण आणि प्रमेय ह्यांच्या पाठोपाठ तिसरा आहे संशय. ज्या शास्त्राचे नावच न्याय, त्याने संशयाला ज्ञानाच्या वाटेवरचा आवश्यक टप्पा मानले. जेथे संशय नाही तेथे अन्वेषणाला कारणच नाही. त्याच यादीत नववा आहे निर्णय, आणि त्याच्याही पुढे, आपला पक्ष सिद्ध न करता केवळ दुसऱ्याचे खंडन करीत राहणारी वितंडा आहे. संशयाने तर्काच्या आधारे निर्णयाकडे चालत जावे, एवढी त्या शास्त्राची अपेक्षा. तो वाटेतच मुक्काम करून राहिला तर त्याची वितंडा होण्यास वेळ लागत नाही. म्हणून संशय घेणाऱ्याला जे गप्प बसवू पाहतात त्यांचे म्हणणे मला मान्य नाही, आणि संशय हेच ज्यांना उत्तर वाटते त्यांचेही नाही.

"केलं ते भोगलं" असे म्हणणाऱ्याला वाटते की आपण कर्मसिद्धान्ताला धरून बोलत आहोत. त्याने महाभारतातील मांडव्याची कथा आठवावी. मौनव्रत धरून उभ्या असलेल्या त्या ऋषीच्या आश्रमात चोरांनी मुद्देमाल दडविला. राजाच्या शिपायांनी विचारले तेव्हा तो बोलला नाही. मौन हीच कबुली धरून त्याला सुळावर चढविण्यात आले. तो मेला नाही, आणि शेवटी त्याने साक्षात धर्मराजाच्या दरबारात जाऊन जाब विचारला. बालपणी तू पतंगांना काडी टोचलीस त्याचे हे फळ, असे उत्तर मिळाल्यावर मांडव्याने धर्मालाच दोषी ठरविले, मनुष्ययोनीत जन्मण्याचा शाप दिला, आणि चौदा वर्षांच्या आतील कृत्य पाप गणले जाणार नाही अशी मर्यादा घालून दिली. तो धर्म विदुर होऊन जन्मला. ह्या कथेत दोन न्यायाधीश आहेत, एक पृथ्वीवरचा आणि एक परलोकातला, आणि दोघेही चुकतात. ज्या परंपरेने मृत्यूचा देव आणि न्यायाचा देव एकच मानला, तिनेच त्या देवालाही जाब विचारण्यापलीकडचा मानले नाही, ही मला आपल्या धर्मविचारातील अत्यंत उन्नत गोष्ट वाटते. मृताइतका मौनी कोण असणार? त्याच्या मौनाची कबुली करणे म्हणजे मांडव्याला पुन्हा सुळावर देणे होय. आणि त्याच्या घरी सापडलेला मुद्देमाल न तपासता दडवून टाकणे हाही चोरांनाच आसरा देण्याचा प्रकार आहे.

दौंडला भीमेच्या काठी दशक्रियेच्या सकाळी जो प्रसंग पाहायला मिळतो तो ह्या विषयापासून दूरचा नाही. भाताचे पिंड मांडलेले असतात, मंडळी मागे सरून उभी राहतात, आणि कावळा झाडावरून उतरत नाही. मग कोणी पुढे होऊन हात जोडतो, "धाकटीचं लग्न आम्ही लावून देऊ"; दुसरा म्हणतो, "आईला अंतर देणार नाही." अशी आश्वासने देत देत, मृताचे काय राहून गेले असेल हे जिवंत माणसे शोधीत असतात. कावळ्याविषयी कोणी काहीही मानो. परंतु मरणाऱ्याचे अपुरे राहिलेले पुरे करण्याचे ऋण मागे राहणाऱ्यांवर येते, हा त्या विधीचा आशय आहे. आरोप अंगावर घेऊन, निकाल न ऐकता गेलेल्या न्यायाधीशाच्या पिंडापुढे त्याच्या मुलाने काय म्हणावे? तो दोषी असो वा निर्दोष, "तुमचं खरं काय ते आम्ही शेवटास नेऊ" ह्यावाचून दुसरे खरे आश्वासन मला सुचत नाही, आणि ते देण्याची मुभा आपला कायदा त्या मुलाला देत नाही.

दोषी ठरून शिक्षा झालेला मनुष्य अपील चालू असता वारला, तर त्याच्या जवळच्या नातलगांनी तीस दिवसांच्या आत परवानगी मागून ते अपील पुढे चालवावे, अशी सोय फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 394 मध्ये केलेली होती. मृताच्या नावाला मोल आहे हे कायद्याने येथे मान्य केले. पण निकालाआधीच जो गेला, त्याचा खटला संपुष्टात येतो आणि खातेनिहाय चौकशीचे कागदही फडताळात जातात. म्हणजे दोषी ठरलेल्याला मरणोत्तर निर्दोषत्वाचा मार्ग खुला, आणि ज्याला कोणी दोषी ठरविलेच नाही त्याला मात्र तो बंद. त्याच्या मुलांना जन्मभर कुजबुज ऐकावी लागते. दुसरीकडे, ज्यांनी त्याच्याबरोबर खरोखरच व्यवहार केला असेल, ते वकील, दलाल, कारकून, त्या मृत्यूच्या आड सुखाने राहतात. रावणाच्या अंत्यसंस्काराच्या वेळी रामाने वैर मरणापाशी संपते असे बिभीषणाला सांगितले, ते वैराविषयी. लंकेत काय घडले हे विसरून जा असे त्याने सांगितले नव्हते.

आणि ह्या साऱ्यात ज्याचा उल्लेख सहसा होत नाही तो म्हणजे पक्षकार. नियुक्ती पुढे सदोष ठरलेल्या न्यायाधीशाने तोपर्यंत दिलेले निवाडे अबाधित राहतात, असे सर्वोच्च न्यायालयाने 1981 साली गोकराजू रंगराजू प्रकरणात सांगितले; आणि लाचेच्या नुसत्या आरोपानेही कोणताही हुकूमनामा आपोआप रद्द होत नाही. व्यवहाराच्या स्थैर्यासाठी हे योग्यच आहे. पण शिरूरच्या न्यायालयात शिपायाचा पुकारा ऐकण्यासाठी वर्षानुवर्षे व्हरांड्यात बसलेला, वाटपाच्या दाव्यात वडिलोपार्जित चार एकर गमावलेला जो शेतकरी आहे, त्याने काय समजावे? आपण पुराव्याने हरलो की पैशाने, हे त्याला कोणी सांगत नाही. तो हरला असेल न्यायानेच. मग त्या न्यायाधीशाच्या मृत्यूनंतरच्या संशयाने त्याच्या मनात भावाविषयी जे विष कालवले गेले त्याला उतारा कोठला? मृत न्यायाधीशाविषयीचा निष्कर्ष ही त्या दोन भावांच्या बांधावरची गरज आहे.

दुय्यम न्यायालयांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार संविधानाच्या अनुच्छेद 235 ने उच्च न्यायालयाला दिलेला आहे. त्या अधिकाराखाली, आरोपित न्यायाधीशाचा मृत्यू झाला तरी शिक्षेचा भाग वगळून चौकशी मात्र पुरी व्हावी. त्याच्या मृत्यूची चौकशीही शवविच्छेदनाच्या आणि पंचनाम्याच्या कागदांसह स्वतंत्र अधिकाऱ्याने करावी. मृताच्या वारसांना वकील देऊन त्याची बाजू मांडण्याचा आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याचा हक्क असावा. ज्या निवाड्यांविषयी तक्रार आहे त्यांच्या पक्षकारांना नोटीस जावी. आणि आरोप सिद्ध झाले, खोटे ठरले किंवा पुराव्याअभावी अनिर्णित राहिले, ह्यांपैकी जे असेल ते कारणांसह लिहून त्या अहवालाची नक्कल साध्या अर्जावर तालुक्याच्या न्यायालयात कोणालाही मिळावी.