सापडला तो चोर

आमच्या काकांची १९७५ची प्रीमियर पद्मिनी अडली, की मेकॅनिक कार्बोरेटर उघडतो, जेटमध्ये फुंकर मारतो आणि म्हणतो, "साहेब, कचरा!" आता हा कचरा येतो मागच्या गंजक्या टाकीतून. जेटचं भोकच बारीक, म्हणून तो तिथं सापडतो, एवढंच. मग गुन्हेगार कोण? उगम की अडकण्याची जागा? आमच्या बँकेत फाइल वर अडते, मेमो काउंटरला! त्यात हल्लीच्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल. ते पाणी ओढतं, जुने रबरी पाइप खातं. शिव्या पुन्हा कार्बोरेटरलाच. टाकी उतरवून धुवायची तर दिवस मोडतो, खर्च वेगळा, फुंकर फुकट.
"काका, टाकी धुवा."
"तू त्याचा वकील ना? मग फी तूच भर!"