दिवेलागणीस पाहावे असे घर

आपल्या कुटुंबांत मुलीचे लग्न ठरवावयाचे असो, घराची खरेदी असो किंवा मुलास परदेशी शिक्षणासाठी धाडावयाचे असो, त्यापूर्वी चार वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला जातो, चौकशा होतात, कागदपत्रे तपासली जातात आणि निर्णय झाला म्हणजे तो सर्व आप्तेष्टांना मोठ्या हौसेने कळविला जातो. परंतु स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या आईला, वडिलांना किंवा अविवाहित आत्याला निवासी शुश्रूषाकेंद्रात ठेवण्याचा निर्णय मात्र बहुधा एखाद्या भयंकर रात्रीनंतर, म्हणजे वडील दाराची कडी काढून रस्त्यावर निघून गेल्यानंतर, किंवा आई न्हाणीघरात पडून तिच्या खुब्याचे हाड मोडल्यानंतर, दोन-तीन दिवसांच्या घाईत आणि कोणाला कानोकान खबर न लागू देता घेतला जातो. शेजाऱ्यांना 'गावी गेल्या आहेत' असे सांगण्यात येते. ज्या निर्णयावर एका असहाय माणसाच्या उर्वरित आयुष्याचे सुखदुःख अवलंबून, तोच आपण सर्वांत कमी विचाराने घेतो, आणि त्याचे कारण निष्काळजीपणा नसून लाज हे आहे. ही लाज मला अनाठायी वाटतेच, पण त्याहून अधिक घातक वाटते. कारण लाजेने मान खाली घालून केंद्राच्या कचेरीत बसलेला मुलगा प्रश्न विचारीत नाही, दाखवतील तेवढे पाहतो, सांगतील तेथे सही करतो.

या लाजेच्या मुळाशी, पूर्वीच्या एकत्र कुटुंबांत वृद्ध माणसे सुखेनैव सांभाळली जात आणि आपणच तेवढे नादान निपजलो, अशी एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. १९५१ च्या सुमारास या देशातील सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांचे होते. त्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा फार मोठा हे खरे, तरीही ऐंशीच्या पुढे जाणारी माणसे आजच्या मानाने थोडीच असत, आणि हा विकार तर उतारवयात दर चार-पाच वर्षांगणिक झपाट्याने बळावणारा. ज्यांना तो होई त्यांना 'म्हातारचळ लागला' म्हणून माजघरात बसविले जाई, आणि त्यांचे न्हाऊमाखू, भरवणे, रात्रीच्या रात्री जागणे हे सारे एखाद्या सुनेच्या किंवा माहेरी परत आलेल्या विधवा मुलीच्या वाट्याला येई. त्या श्रमांची नोंद कोणत्याही कुटुंबाच्या जमाखर्चात सापडणार नाही. आज ती सून नोकरीस जाते, मुलगी न्यू जर्सीस असते, आणि मुलगा स्वतःच साठीच्या उंबरठ्यावर रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतो.

ज्या डॉक्टरांच्या नावाने या विकाराचा सर्वाधिक आढळणारा प्रकार जगभर ओळखला जातो त्या आलोइस आल्त्सहायमर यांची पहिली प्रसिद्ध रुग्ण आउगुस्ट डेटर ही स्त्री १९०१ साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल झाली, ती तिच्या पतीला तिला घरी सांभाळणे अशक्य झाले म्हणूनच. १९०६ साली ती तेथेच वारली आणि त्याच वर्षी आल्त्सहायमर यांनी तिच्या मेंदूतील विकृती विद्वानांपुढे मांडली. या रोगाच्या वैद्यकीय इतिहासाच्या पहिल्याच पानावर, थकलेल्या नवऱ्याने बायकोला परक्यांच्या स्वाधीन केल्याची नोंद आहे, हे आज अपराधी वाटणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ध्यानात घ्यावे असे मला वाटते. आपल्याकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाखांच्या आसपास माणसे स्मृतिभ्रंशाने पीडित आहेत. यांतील बहुसंख्य घरीच राहतील, आणि जोपर्यंत निभते तोपर्यंत त्यांनी घरीच राहावे. पण ज्यांचे निभणार नाही त्यांची संख्याही लहान नाही.

शोधास निघालेल्या कुटुंबाला पहिला धक्का बसतो तो सामान्य वृद्धाश्रमांच्या दारात. 'स्वतःची दैनंदिन कामे स्वतः करू शकणाऱ्या व्यक्तीसच प्रवेश' ही अट बहुतेकांच्या नियमावलीत असते, आणि ज्याला आश्रयाची सर्वाधिक गरज आहे तोच या अटीमुळे बाहेर राहतो. मग खास स्मृतिभ्रंशासाठी चालविलेली केंद्रे उरतात. ती मुंबई-पुण्यासारख्या शहरांच्या आसपास एकवटलेली, खासगी, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या घराला दरमहा खर्च पेलताना दमछाक व्हावी अशी असतात. तेथे आपण जातो, बहुधा रविवारी सकाळी अकराच्या सुमारास. बाग दाखविली जाते, संगमरवरी फरशी, दूरदर्शन संच, जवळच्या मोठ्या रुग्णालयाचे नाव. सारे पाहून मन निवते, आणि जे पाहावयास हवे ते राहून जाते.

माझे सांगणे असे की केंद्र पाहावयाचे ते दिवेलागणीस. या विकारात सूर्य कलला की अस्वस्थता वाढते, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे आणि शुश्रूषा करणाऱ्यांना त्याहून अधिक. दिवसभर शांत बसलेली बाई सहा वाजले की पिशवी भरू लागते, 'मुलं शाळेतून येतील, मला घरी जायचंय' म्हणून दाराशी झटते. आणि याच वेळी दिवसपाळी संपून रात्रपाळीची मोजकी माणसे रुजू होत असतात. केंद्राची खरी परीक्षा या तासाभरात होते. पुणे जिल्ह्यातील एका लहानशा केंद्रात मी अशी एक संध्याकाळ पाहिली. सहकारी पतपेढीत जन्मभर रोखपाल असलेले एक गृहस्थ तिन्हीसांजा झाल्या की कासावीस होत, कारण रोजमेळ लागलेला नाही आणि तो लागल्याशिवाय घरी जाता येत नाही, ही टोचणी त्यांच्या मनात पक्की बसलेली होती. तेथील मावशींनी त्यांना 'तुम्ही केव्हाच निवृत्त झालात' असे सांगितले नाही, आणि त्यांना बळेच खुर्चीत बसविलेही नाही. त्यांनी एक लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची वही आणली, पदर सावरून समोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, 'भाऊ, मेळ लागला. एकदा नजर घाला आन् सही करा, मंग मी कुलूप लावते.' भाऊंनी आकड्यांच्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत बोट फिरविले, तळाशी ठसठशीत सही ठोकली, वही मिटून मावशींच्या हाती दिली आणि भाकरी-दूध खावयास निघाले. यास कोणी फसवणूक म्हणेल. मी म्हणणार नाही. त्या बाईंना रोजमेळ म्हणजे काय हे भाऊंच्या मुलीकडून समजून घ्यावे लागले होते, आणि तेवढी तसदी त्यांनी घेतली होती.

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की आपण केंद्राला काय विचारतो यापेक्षा केंद्र आपल्याला काय विचारते, यावरून त्याची पारख अधिक होते. ब्रॅडफर्ड येथील मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ साली 'डिमेन्शिया रीकन्सिडर्ड' या ग्रंथात हेच तत्त्व प्रतिपादिले होते: मेंदू झिजला तरी माणूसपण शिल्लक राहते, आणि ते टिकणे वा विझणे भोवतालच्या माणसांच्या वागण्यावर मोठ्या अंशी अवलंबून असते, घाई करणे, तोंडावर 'हा' 'ही' म्हणून बोलणे, लहान मुलासारखे दटावणे यांनी ते रोज थोडे थोडे हिरावले जाते. नेदरलँड्समधील वेस्प गावी २००९ साली सुरू झालेल्या होगेवेक या वसाहतीत रहिवाशांना त्यांच्या पूर्वीच्या राहणीमानाप्रमाणे एकत्र ठेवतात, ते याच जाणिवेतून. तेवढा पैसा आपल्यापाशी नाही, परंतु चौकशीला पैसा लागत नाही. प्रवेशाच्या अर्जात फक्त रक्तगट, औषधे आणि अनामत रकमेचा तपशील मागणाऱ्या आणि 'आजी पहाटे उठत का? आंघोळीआधी चहा की नंतर? घरी कोणती बोली बोलत? कशाची भीती वाटे?' असे विचारणाऱ्या केंद्रांत फार अंतर आहे. एका आजींचे वजन महिनाभर घटत होते. चहाचा पेला पुढे केला की त्या तोंड फिरवीत, म्हणून त्यांची भूक मेली असे वहीत लिहिले गेले. सून भेटीस आली तेव्हा तिने चहा बशीत ओतून दिला आणि आजींनी तो दोन्ही हातांनी धरून, फुंकर घालून, सगळा घेतला. बोलीचा प्रश्नही असाच. मागून शिकलेली भाषा अनेकदा आधी विसरली जाते आणि बालपणीची मागे उरते. मालवणीत हाक मारणाऱ्या म्हाताऱ्याला ती कोणालाच कळू नये, हे हाल तपासणीच्या कोणत्याही अहवालात दिसत नाहीत.

काही गोष्टी मात्र आपणच निक्षून विचारल्या पाहिजेत. रात्री किती रहिवाशांमागे किती माणसे जागी असतात? दर दोन-तीन तासांनी शौचास नेतात की सकाळपर्यंत लंगोटावर भागवितात? घास गिळणे अवघड झालेल्याला भरवावयास किती वेळ देतात? हातपाय बांधतात का, आणि बांधले तर कोणाच्या लेखी हुकुमाने? औषधाने बांधणे हा त्याचाच दुसरा प्रकार. वृद्ध स्मृतिभ्रंशग्रस्तांना वर्तन ताळ्यावर आणण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषधनियामक खात्याने २००५ सालीच दिला होता. कधी त्यांच्यावाचून इलाज नसतो हेही खरे. पण गोळी सुरू करताना आप्तास कळविण्याचा शिरस्ता नसेल तेथे पुढे जाऊ नये. 'पहिले काही आठवडे भेटावयास येऊ नका, म्हणजे लवकर रुळतील' असे बजावणारे केंद्रही मला मान्य नाही. भेटीची वेळ ठरलेली असावी, मनाई नसावी.

करारनाम्याचे शेवटचे पान पहिल्याने वाचावे. हिंडताफिरता माणूस घेणारी आणि तो अंथरुणाला खिळला, किंवा अंगावर धावून जाऊ लागला, की 'आठ दिवसांत दुसरीकडे तजवीज करा' म्हणणारी केंद्रे आहेत. परत पाठविण्याची अट कोणती, अनामत केव्हा मिळणार, रुग्णालयात नेले तर सोबत कोण राहणार, यांचा खुलासा आधीच लेखी घ्यावा. आणि याहूनही आधी उरकावयाची कामे घरची. वडिलांनी दिलेले मुखत्यारपत्र कपाटात आहे म्हणून पुष्कळ कुटुंबे निश्चिंत असतात. १८७२ च्या करार कायद्याच्या २०१ व्या कलमानुसार मुखत्यारपत्र देणारा इसम विकल मनाचा झाला की ते अधिकार संपुष्टात येतात, हे त्यांना बँकेच्या खिडकीवर कळते. मग पालकत्वासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांबाबत आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली आहे. निदान झाल्यावर सुरुवातीच्या काळात माणूस बराचसा शहाणासुरता असतो. मृत्युपत्र, प्रतिनिधीची नेमणूक आणि 'पुढे मला कोठे ठेवाल?' हे बोलणे त्याच काळात व्हावयास हवे. ते बोलणे आपण टाळतो, आणि पुढे 'तपासणीला जायचंय' असे खोटे सांगून त्यांना गाडीत बसवितो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात मोहन आगाशे यांनी उभा केलेला संस्कृत पंडित सगळे विसरून हत्तीमागे चालू लागतो, आणि त्याला कोणी कसे सांभाळावे हा पेच त्याच्या मुलींपुढे उरतो. तो पेच पित्याच्या साक्षीने सुटण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते.

दाखल केल्याने नाते संपत नाही, त्याचे काम बदलते. रात्रीचे जागरण गेले म्हणजे मुलाला वडिलांपाशी नुसते बसता येते, हरिपाठ म्हणता येतो, नखे काढता येतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी त्यांचा अंगठा धरून यंत्रावर ठेवताना चिडचिड होत नाही. केंद्राच्या वहीत जे नाही ते सांगत राहणे, हे काम आता त्याचे. त्याचबरोबर ज्या मावशी वही घेऊन भाऊंपुढे उभ्या राहतात त्यांची पाळी किती तासांची, पगार काय, त्या या कामावर किती वर्षे टिकल्या, हेही त्याने व्यवस्थापकास विचारावे. दर तीन महिन्यांनी माणसे बदलणाऱ्या केंद्रात रोजमेळ कोणाला ठाऊक असणार?

ज्यांना खासगी केंद्र परवडत नाही त्यांच्यासाठी काय, हा प्रश्न मात्र कुटुंबाच्या हातातला नाही. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या १९ व्या कलमात, प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकार काढू 'शकेल', असे म्हटले आहे. काढलाच पाहिजे असे म्हटलेले नाही, आणि त्यात स्मृतिभ्रंशग्रस्तांसाठी वेगळ्या विभागाचा उल्लेखही नाही. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी सहली आणि सत्कारसमारंभ यांबरोबरच जिल्हाधिकारी आणि आमदार यांच्याकडे लावून धरावयाची मागणी हीच आहे: जिल्ह्याच्या वृद्धाश्रमास स्मृतिभ्रंशग्रस्तांचा एक विभाग जोडावा, रात्रपाळीला शिकविलेली आणि नीट पगार मिळणारी माणसे नेमावीत, आणि त्या विभागाची तपासणी अधिकाऱ्यांनी संध्याकाळी सहानंतर, आगाऊ वर्दी न देता करावी.