डोळ्यांना थोडा वेळ द्या



मुलुंड-घाटकोपरला रात्र होते, पण काळोख होत नाही. आकाश करडं, तांबूस राहतं. चार-दोन तारे दिसले तर दिसले. म्हणून इथली तारेवेडी माणसं कर्जत लोकल पकडतात आणि वांगणीला उतरतात. हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने १९८५ साली सुरू झालेल्या खगोल मंडळाने तिथे कितीतरी रात्री जागवल्या आहेत.

नवखा माणूस पोचल्या पोचल्या मान वर करतो. फारसं काही दिसत नाही. शेजारचा जाणता हळूच सांगतो, डोळ्यांना थोडा वेळ द्या.

अर्धा तास जातो. कृत्तिकांचा पुंजका उमलतो. देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका उमटतो. पंचवीस लाख वर्षं चालत आलेला उजेड तो! तो तिथेच होता. तयार नव्हते आपले डोळे.

तेवढ्यात कुणीतरी मोबाइल काढतो. एक झगझगीत झोत, आणि सगळ्यांची अर्ध्या तासाची कमाई गेली. म्हणून जाणते लोक विजेरीवर लाल कागद बांधतात. मला तो कागद फार आवडतो. आपल्याला वाट दिसावी, पण शेजाऱ्याचं आकाश विझू नये.

श्रोतेहो, माणसांचंही असंच असतं. घरात नवी सून येते. वर्गात एखादा मुलगा अबोल बसतो. आपण पहिल्याच भेटीत निकाल देऊन मोकळे होतो. डोळ्यांना थोडा वेळ द्या. आपल्या हुशारीचा झोत त्यांच्या तोंडावर मारू नका.

आणि आज रात्री गच्चीवर जाल, तेव्हा मोबाइल घरीच राहू द्या.