याकोबाचे खरे नाव

शास्त्रपाठ : उत्पत्ती २७:१-२९, ३२:२२-३०



वृद्ध इसहाकाची दृष्टी मंद झाली होती. समोर आलेल्या पुत्राला त्याने विचारले, तू कोण? याकोबाने आपण ज्येष्ठ पुत्र एसाव असल्याचे सांगितले. शब्द अपुरे पडू नयेत म्हणून हातांवर व मानेवर करडांची कातडी बांधलेली होतीच. पित्याला आवाजाचा संशय आला. परंतु हातांचा पुरावा ग्राह्य ठरला. ते कातडे म्हणजे खोटे प्रमाणपत्रच होते.

नोकरीच्या बाजारात आज असे कातडे विकत मिळते. २०१९ सालच्या महाराष्ट्र शिक्षक पात्रता परीक्षेत पैसे देऊन निकाल बदलून घेतल्याचे उघडकीस आले आणि २०२२ साली राज्य परीक्षा परिषदेने साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. मुलांना शिकवण्याची पात्रता जिथे पारखायची, तिथेच ही गत! अशा दाखल्याने केवळ नेमणूक करणारा फसत नाही. रात्र रात्र अभ्यास केलेल्या प्रामाणिक उमेदवाराची जागा जाते आणि वर्गातल्या मुलाचे वर्ष वाया जाते. कागदालाच किंमत आली की विद्या मागे पडते. गुणवत्ता ओसरते ती अशी.

तरुणांची अडचण आम्हांस ठाऊक नाही असे नाही. घरी थकलेले आईवडील, शिक्षणासाठी काढलेले कर्ज आणि जाहिरातीत अनुभवाची अट! अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. अशा वेळी अर्जात एखादे वर्ष वाढवून लिहिण्याचा मोह होतो. याकोबाच्या मागे तर खुद्द आईचा आग्रह होता.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. याकोब गुणहीन नव्हता. पुढे लाबानाचे थोडके कळप त्याच्याच हाताखाली वाढले. उत्तम मेंढपाळाचे कसब देवाने त्याला दिले होते. त्याला शिकाऱ्याच्या कातड्याची गरजच नव्हती. खोटा दाखला घेणारा मनुष्य प्रथम स्वतःला मिळालेल्या देणगीचा अपमान करतो.

या फसवणुकीने त्याला काय मिळाले? घर सुटले. वीस वर्षे परक्याची चाकरी घडली. तिथे वेतन वारंवार बदलले गेले. धाकटा असून थोरला म्हणून जो पुढे झाला, त्याच्या पदरी धाकटी म्हणून थोरली बांधण्यात आली.

मग आली याब्बोक नदीकाठची ती रात्र. चारशे माणसे घेऊन एसाव समोरून येत होता. एकाकी याकोबाशी रात्रभर झोंबी करणाऱ्याने त्याला नाव विचारले. जुनाच प्रश्न पुन्हा समोर ठाकला. या वेळी अंगावर कातडे नव्हते. याकोब, एवढेच तो उत्तरला. टाच धरणारा, असा ज्याचा अर्थ, ते लाजिरवाणे नाव त्याने स्वतःच्या मुखाने उच्चारले आणि तेव्हाच त्याला इस्राएल हे नवे नाव मिळाले. देव आशीर्वाद देतो तो आपल्या खऱ्या नावाला. उसन्या नावाला नव्हे.

म्हणून तरुणांनो, अर्जात आहे तेवढेच लिहा. परंतु जे आहे ते निःसंकोच लिहा. आपले कसब दडवणे हीदेखील नम्रता नव्हे. पाळकहो आणि मंडळीतील वडीलधाऱ्यांनो, दयेपोटी खोटे शिफारसपत्र देऊ नका. त्याऐवजी त्या मुलाला एखादे काम शिकवण्याची व्यवस्था करा. संस्थाचालकहो, कामाला न लागणाऱ्या अटी घालून प्रामाणिक उमेदवाराला दारातूनच परतवू नका.

खरे सांगणारा याकोब त्या पहाटे लंगडत निघाला. नोकरी हुकली, तर आपलीही चाल काही काळ लंगडेल. पण त्याच्यावर सूर्य उगवला होता, हे शास्त्र आवर्जून नोंदवते. प्रभू आपणांस आपल्या खऱ्या नावानिशी उभे राहण्याचे धैर्य देवो. आमेन.