बुद्धीची मुनिमी

बुद्धी वाढवणाऱ्या गोळीवरचा ‘लिमिटलेस’ हा २०११ सालचा अमेरिकन चित्रपट म्हणजे तपश्चर्येची विटंबना होय, श्रमावाचून लाभलेली प्रज्ञा ही चोरीच, आणि आमच्या ऋषींनी असला आडमार्ग कदापि मान्य केला नसता, असा फैसला एका विद्वान स्नेह्यांनी नुकताच व्याख्यानपीठावरून दिला. एवढेच नव्हे तर परीक्षेच्या तोंडावर मिथाइलफेनिडेट किंवा मोडॅफिनिल घेऊन रात्री जागवणारे परदेशी विद्यार्थी त्याच पातकाचे वारसदार ठरवून त्यांनी टाळ्याही वसूल केल्या. ऋषींचे वकीलपत्र घेणाऱ्याने अशिलाचे दफ्तर निदान एकदा चाळावे. योगसूत्रांच्या चौथ्या पादाच्या प्रारंभीच पतंजलीने सिद्धींची पाच उगमस्थाने सांगितली आहेत आणि त्यांत जन्माच्या पाठोपाठ औषधी येते. तपाची पाळी चौथी. चरकाने तर मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुळवेल व शंखपुष्पी ही चार मेध्य रसायने नावनिशीवार नोंदवून ठेवली आहेत. तेव्हा आडमार्गाची फिर्याद येथेच खारीज व्हावी.

माझी फिर्याद निराळी आहे. नील बर्गरच्या या चित्रपटातील एडी मोरा हा न्यूयॉर्कमधला लेखक; प्रकाशकाशी करार झालेला, पण कागदावर ओळ नाही. घटस्फोटित पत्नीच्या भावाने दिलेली एन.झेड.टी.-४८ ही पारदर्शक गोळी तो गिळतो, आणि जिन्यात भाड्याचा तगादा लावणाऱ्या घरमालकाच्या बायकोच्या पिशवीतून पुस्तकाचा कोपरा डोकावताना दिसताच, कधीकाळी ओझरते पाहिलेले व साफ विसरलेले सारे काही ओळीने हजर होऊन तो तिचा कायद्याचा प्रबंध मार्गी लावतो. पडद्यावरचा निळसर, आजारी उजेड सोनेरी होतो. प्रसंग कुशलतेने रचलेला आहे यात वाद नाही. माणसाला मेंदूचा २० टक्केच भाग वापरता येतो, हे त्या मेहुण्याचे शास्त्र मात्र भाकड आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के भरणारा हा अवयव विश्रांतीतही सुमारे २० टक्के ऊर्जा फस्त करतो, आणि इतका खर्चिक कारखाना निसर्ग चार-पंचमांश बंद ठेवील, हे संभवत नाही.

परंतु खरा घोटाळा त्या आकड्यात नाही. विस्मरण हाच बुद्धीचा शत्रू, आणि डोळ्यांखालून गेलेले सर्व हुकमी आठवू लागले की प्रज्ञा आपोआप कामावर रुजू होते, हे गृहीतकच मला अमान्य आहे. आणि येथे मी अलेक्झांडर लूरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाची साक्ष काढतो. १९२०च्या दशकात त्याच्याकडे शेरेशेव्हस्की नावाचा एक वार्ताहर आला. त्याला धाडले होते संपादकाने. कारण दिवसाची कामे सांगितली जात असता हा गृहस्थ काहीच टिपून घेत नसे, आणि दरडावून विचारले तर सारे शब्दन् शब्द म्हणून दाखवी. लूरियाने त्याचा सुमारे तीस वर्षे अभ्यास केला. अंकांचे तक्ते, निरर्थक अक्षरांच्या माळा, स्वतःला न येणाऱ्या इटालियन भाषेतल्या दान्तेच्या ओळी, हे सर्व पंधरा वर्षांनंतरही तो बिनचूक सांगे. पण माणसांचे चेहरे त्याच्या लक्षात राहत नसत, कारण चेहरा घटकेघटकेला पालटतो आणि याच्या दप्तरी प्रत्येक पालट हा स्वतंत्र दस्तऐवज. कविता वाचू गेला की शब्दाशब्दामागे एकेक चित्र उभे राही आणि त्या गर्दीत अर्थ गुदमरे. नकोसे झालेले आकडे त्याने कागदावर लिहून तो कागद जाळून पाहिला, तरी जळक्या पापुद्र्यावर त्याला ते दिसतच राहिले. एवढी देणगी पदरी असून पोटासाठी त्याने केले काय, तर रंगमंचावर स्मरणाचे प्रयोग. एडीला जे वैभव म्हणून मिळाले, तेच शेरेशेव्हस्कीचे दुखणे होते.

हे लिहिताना जाणवते की स्नेह्यांचा दावा खरा असून त्यांनी तो भलत्या कलमाखाली दाखल केला. तप म्हणजे घामाची मजुरी, असे त्यांनी मानले; काय टाकून द्यावे हे कळण्यासाठी मनाला मिळणारी दीर्घ मुदत, असा अर्थ घेतला तर गोळी जे देऊ शकत नाही ते नेमके तेच, आणि तिसऱ्या पादात सिद्धींना समाधीतले अडथळे म्हणणारा पतंजलीही मग त्यांच्याच बाजूने उभा राहतो.

एडीजवळ ही मुदत नाही. चार दिवसांत कादंबरी हातावेगळी होते, आणि मग हा अलौकिक मेंदू थेट रोखेबाजारात जाऊन बसतो, गुंडाकडून व्याजी पैसा उचलतो, आणि कार्ल व्हॅन लून या धनाढ्याची मुनिमी पत्करून कंपन्यांच्या विलीनीकरणाचे हिशेब मांडू लागतो. पैसा कशाला, एवढा साधा प्रश्नही त्याला शिवत नाही. ज्याच्या अंगात गोळीचा अंश आहे अशा त्याच सावकाराचे सांडलेले रक्त तो पितो, तेही त्याच हिशेबीपणाने. अॅलन ग्लिनच्या मूळ कादंबरीने निदान या व्यवहाराची वसुली केली होती: तिच्या अखेरीस पुरवठा संपलेला नायक एका मोटेलच्या खोलीत अंताची वाट पाहत असतो. चित्रपटकर्त्यांनी ती वसुली माफ करून त्याला सिनेटच्या उमेदवारीवर नेऊन बसवले आहे, आणि त्या विश्वव्यापी बुद्धीचा जो शेवटचा प्रताप आपण पाहतो तो असा, की उपाहारगृहातील नोकराला तो चिनी भाषेत जेवण आणावयास सांगतो.