थकलेल्या देहाचा नेम





आपल्या संप्रदायांत देहाविषयीं दोन प्रकारचीं वचनें ऐकूं येतात. कोठें देह नाशवंत म्हणून त्याची आसक्ति टाकण्यास सांगितलें आहे, तर कोठें या नरदेहावांचून परमार्थ घडत नाहीं म्हणून त्याचें मोल वाखाणलें आहे. नवखा श्रोता यानें गोंधळतो. वास्तविक यांत विरोध मुळींच नाहीं. विणेकऱ्याला विण्याचा गर्व नसावा. पण कीर्तन उभें राहण्यापूर्वीं तारा मात्र त्यानें लावलेल्याच असाव्यात. तार ढिली राहिली तर सूर लागत नाहीं, आणि फाजील ताणली तर तुटते. देहाचें असेंच आहे. भोगासाठीं त्याला जपूं नये, रागानें त्याला छळूं नये. वारीसाठीं तो लावून ठेवावा.

आज हा विषय घेण्याचें कारण असें. देहू आणि आळंदी हीं आपलीं माहेरें. त्यांच्या भोंवतीं आतां पिंपरी-चिंचवड, चाकण, तळेगांव येथील कारखाने उभे आहेत, आणि माळकरी घरांतलीं मुलें तेथें पाळीनें कामाला जातात. एक आठवडा पहिली पाळी, पुढला आठवडा दुसरी, त्यापुढला रात्रपाळी. कीर्तन आटोपल्यावर मंडळी भेटायला येतात, त्यांत अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. "महाराज, डॉक्टर म्हणतात साखर काठावर आहे, वजन उतरवा. मला कळत नाहीं असें नाहीं. पण पाळी करून, गाडीचा तास धरून घरीं आलों, कीं अंगांत जीव राहत नाहीं. चालायला जावें असें मनच घेत नाहीं. मनाला उभारी आणायची तरी कशी?"

प्रश्न विचारणारा माणूस आळशी नव्हे. आळस आणि थकवा हीं दोन निराळीं आहेत. आळशाच्या ठिकाणीं शक्ति असते आणि इच्छा नसते. थकलेल्याला इच्छा असते आणि शक्ति उरलेली नसते. आळशाला टोंचणी लावावी, थकलेल्याला विसावा द्यावा. आपण उलट करतों. थकलेल्यालाच सांगतों, "मन घट्ट कर, पोट बघ किती सुटलें." तो बिचारा मान खालीं घालतो, मनांतल्या मनांत खजील होतो, आणि त्या खजीलपणावर उतारा म्हणून आणखी एक वडापाव खातो! असल्या बोलण्यानें आजवर कोणाचें वजन उतरलें आहे?

आतां शास्त्र काय म्हणतें तें पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल आणि अतिकृश यांचा विचार केला आहे. अति खाणें, गोड आणि स्निग्ध पदार्थ, व्यायाम नसणें, दिवसा झोपणें, हीं स्थौल्याचीं कारणें तेथें सांगितलीं आहेत. आणि त्यांतच बीजाचा स्वभावही सांगितला आहे. म्हणजे आईबापांकडून आलेला बांधा हेंही एक कारण, हें त्या काळींही ठाऊक होतें. मग लठ्ठ माणसाला एकट्यालाच अपराधी धरणारे आपण कोण?

येथें कोणी पंडित पूर्वपक्ष करील, "महाराज, त्याच अध्यायांत स्थौल्य घालवूं इच्छिणाऱ्यानें जागरण वाढवावें असेंही सांगितलें आहे. मग रात्रपाळीवाला तर आपोआप रोड व्हायला हवा!" शंका चांगली आहे. तिचें उत्तरही तेथेंच आहे. जागरण, व्यायाम हे सर्व क्रमाक्रमानें वाढवावेत असें चरकांनीं म्हटलें आहे. आणि तो उपचार खाऊन-पिऊन निश्चिंत लोळणाऱ्यासाठीं आहे. पुढें त्याच अध्यायांत निद्रेचें प्रकरण येतें. सुख आणि दुःख, पुष्टि आणि कृशता, बळ आणि दुर्बळता हीं सगळीं निद्रेच्या आधीन आहेत असा तेथें सिद्धांत आहे. दिवसाची झोप एरवीं वर्ज्य. परंतु जो श्रमानें, ओझें वाहून, वाट चालून शिणला आहे, जो रात्रीं जागला आहे, त्याला ती मोकळी ठेवली आहे. वैद्यानें रोगी पाहून औषध द्यावें, अध्यायांतील एकच ओळ पाहून देऊं नये.

आजच्या वैद्यकानें याचा उलगडा अधिक केला आहे. शरीरांत दिवस-रात्र ओळखणारें एक घड्याळ आहे. पेशींच्या आंत तें कसें चालतें हें शोधून काढणाऱ्या तिघां शास्त्रज्ञांना २०१७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या घड्याळाप्रमाणें रात्र ही पचनाची वेळ नव्हे. तेंच अन्न रात्रीं खाल्लें तर रक्तांत साखर दिवसापेक्षां जास्त चढते. शिवाय झोप अपुरी पडली कीं भूक लावणारा रस वाढतो, तृप्तीची खूण देणारा रस घटतो, आणि मन गोडाकडे, तळलेल्याकडे ओढ घेतें. तेव्हां पहांटे तीन वाजतां उपाहारगृहांत भजीकडे हात जातो तो निव्वळ जिभेचा चाळा नसतो. उपाशी झोप तेथें अन्न मागत असते. झोपेची भूक अन्नानें कशी भागेल?

म्हणून पहिला नेम झोपेचा. ज्याला सवय नाहीं अशा माणसाला जागरण घडलें, तर जितका वेळ जागला त्याच्या निम्मा वेळ त्यानें सकाळीं, कांहीं न खातां झोपावें, असें वाग्भटांनीं अष्टांगहृदयांत सांगितलें आहे. आठ तासांच्या रात्रपाळीला हे चार तास झाले. प्रौढ माणसाला निदान सात तास झोप हवी असें आजचे डॉक्टर सांगतात. उरलेले तीन तास दुपारीं किंवा कामावर जाण्यापूर्वीं भरून काढावे. पाळीच्या शेवटच्या तासांत चहा नको, कारण तो घरच्या झोपेंत वाटा मागतो. खोली अंधारी करावी आणि हातांतला फोन दुसऱ्या खोलींत ठेवावा.

पण हा नेम एकट्याचा नाहीं, घराचा आहे. रुग्णालयांत रात्रभर रुग्णांची सेवा करून आलेली परिचारिका घरीं येतांच पदर खोंचून सगळ्यांचे डबे करते, धुणें-भांडीं उरकते, आणि दुपारीं तास-दोन तास डोळा लावते. मग घरचींच माणसें म्हणतात, "हिचें अंग किती सुटलें बघा!" अहो, जी माउली दुसऱ्यांच्या उशाशीं रात्र काढते, तिची सकाळची झोप राखणें हें वारकऱ्याच्या घरांत पूजेइतकेंच महत्त्वाचें मानलें पाहिजे. पतीनें पोळ्या लाटाव्या, मुलांनीं पाणी भरावें, सासूबाईंनीं देवघरांतली घंटा त्या दिवशीं हळू वाजवावी. विठ्ठल रागावणार नाहीं.

आतां उभारीचा प्रश्न. आपली समजूत अशी कीं आधीं उत्साह येतो आणि मग कृति घडते. उत्साह कारण आणि कृति कार्य. अनुभव याच्या उलट आहे. वारींतच पाहा ना. आळंदीहून ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी निघते, तेव्हां प्रत्येकाच्या अंगांत वारें भरलेलें असतें. पुढें पुण्याचा मुक्काम होतो आणि दिवे घाट येतो. घाट चढतांना त्या पहिल्या दिवसाचा उत्साह कितीकांजवळ शिल्लक असतो? पाय सुजलेले, पाठ भरून आलेली, वर पाऊस. तरी दिंडी चालतेच. वारी ही नेमावर चालते. आणि नेमानें टाळ हातीं घेतला, चार पावलें टाकलीं, म्हणजे कोठें मागाहून उत्साह येतो. ज्यानें "मन होईल तेव्हां निघूं" म्हटलें, तो घरींच राहिला.

आणखी एक पाहा. आळंदी ते पंढरपूर ही सुमारें २५० किलोमीटरची वाट. घाट चढणारा वारकरी २५० चा हिशेब करीत नाहीं. पुढचा विसावा कोठें, एवढेंच तो विचारतो. दहा किलो उतरवावयाचे हा संकल्प ऐकूनच थकलेलें मन बसकण मारतें. त्याला पुढचा विसावा दाखवावा.

यासाठीं नेम लहान धरावा. इतका लहान, कीं अगदीं वाईट दिवशींही तो मोडूं नये. माळकऱ्याला हें नवें नाहीं. रात्रपाळी असो, पाहुणे असोत, हरिपाठ तो चुकवीत नाहीं. मग त्याच हरिपाठाला पाऊल जोडावें. बसून म्हणतां तो चालत म्हणावा. फार शीण असेल त्या दिवशीं घरापासून देवळापर्यंत जाऊन यावें. तेवढेंही न झालें तर अंगणांत एक अभंग होईपर्यंत चालावें, पण पाय जमिनीला लावल्यावांचून दिवस मावळूं देऊं नये. आठवड्याला १५० मिनिटें चालावें असा वैद्यांचा दंडक आहे. तीं रोजचीं सुमारें २२ मिनिटें होतात. तेथवर महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू पोंचावें.

दुसरा लहान नेम चहाचा. पाळींत पांच कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर दहा चमचे, म्हणजे सुमारें ४० ग्रॅम साखर झाली. महिन्याच्या २५ पाळ्यांत ही एक किलो भरते! पहिल्या आठवड्यांत कपाला एक चमचा कमी करावा, एवढाच नेम.

तिसरा, रात्रपाळीच्या अन्नाचा. मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वीं घरीं करावें. मध्यरात्रीच्या आसपास भूक लागली तर डब्यांतील अर्धी भाकरी, मुगाची उसळ, ताक इतकें घ्यावें. मूग, कुळीथ, जव, आवळे हीं चरकांनीं स्थूलाच्या पथ्यांत घातलींच आहेत. त्यापुढें पहांटेपर्यंत पाणी. डबा घरून नेला म्हणजे तीन वाजतां मनाशीं झगडा करावा लागत नाहीं. थकलेल्या मनाला झगड्यांत घालूंच नये.

कांहीं मंडळी म्हणतात, "महाराज, उपासच वाढवतों." त्यांना माझा नकार आहे. एकादशी हरिस्मरणासाठीं आहे; तिला वजनकांट्याला जुंपूं नये. आणि एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण कशी पडली हें साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी आणि तळलेले बटाटे पाहिल्यावर निराळें सांगायला नको. फळें, ताक, वरईचे थोडे तांदूळ इतक्यावर एकादशी उत्तम होते. मात्र साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालूं असलेल्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून उपासही करूं नये आणि जेवणाच्या वेळाही बदलूं नयेत. गीतेच्या सहाव्या अध्यायांत भगवंतांनीं खाण्या-झोपण्याचा अतिरेक आणि त्यांचा सर्वस्वीं त्याग, दोन्ही योगाला बाधक ठरविले आहेत. मधली वाट हीच भगवंतांची वाट.

आतां फळाविषयीं. वजनकांटा हा मोठा फसवा गुरु आहे. अमेरिकेंतील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. साखर काठावर असलेल्या लोकांना सात टक्के वजन उतरविण्याचें आणि आठवड्याला १५० मिनिटें चालण्याचें उद्दिष्ट दिलें होतें. त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण ५८ टक्क्यांनीं घटलें. सात टक्के म्हणजे ८० किलोच्या माणसाला साडेपांच किलोच्या आसपास. पुढें २००६ सालीं चेन्नईच्या डॉक्टरांनीं आपल्या देशांतील लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत चालणें आणि आहार सुधारणाऱ्यांचें वजन म्हणण्यासारखें उतरलें नव्हतें, तरीही मधुमेहाचें प्रमाण २८ टक्क्यांहून अधिक घटलें! पाहा, कांटा हलला नाहीं आणि फळ मात्र पदरांत पडलें. कर्म करावें आणि फळावर डोळा लावून बसूं नये, या उपदेशाची एवढी रोकडी प्रचीति आणखी कोठें मिळेल? म्हणून रोज कांट्यावर चढूं नये. महिन्यांतून एकदां कंबर मोजावी; पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आंत असावी.

नेम कधीं तरी मोडेल. पाळी बदलेल, ओव्हरटाइम लागेल, घरांत आजारपण येईल. त्या दिवशीं "सगळेंच गेलें" म्हणून टाळ टाकूं नये. वाटेंत पाय मुरगळलेला वारकरी आळंदीला परत जाऊन पहिल्यापासून चालत नाहीं. बसतो, तेल लावतो, आणि बसला तेथूनच पुढें निघतो. काल चुकलें तर आज दुप्पट करूं नये. आज आजचेंच करावें.

आणि हेतु कोणता धरावा? आरशासाठीं केलेला नेम आरशाइतकाच तकलादू असतो. साठीला आल्यावरही या गुडघ्यांनीं दिवे घाट चढवावा, वाळवंटांत नाचतां यावें, नातवाला खांद्यावर बसवून कळस दाखवितां यावा, एवढा हेतु पुरे आहे. थकून आलेल्या माणसाकडून देव पराक्रम मागत नाहीं. जो विटेवर इतकीं युगें उभा राहिला, त्याला उभें राहण्याचा शीण कळतो. त्याला सांगावें, "देवा, आज एवढीं चार पावलेंच झालीं." तो चार पावलेंही मोजून घेतो.

आज रात्रपाळी असेल त्यांनीं डबा भरून घ्यावा. पाळी संपवून आले असतील त्यांनीं हा अंक मिटवून आधीं झोपावें. चालणें उठल्यावर.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!