कोणीतरी फोन केलाच असेल



१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर, सिंदखेडराजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ, नागपूरहून पुण्याला निघालेली खाजगी बस उलटून पेटली. ३३ पैकी २५ जण आतच जळून गेले. आपल्या लोणार तालुक्यातूनही हाच रस्ता जातो. बाहेर पडू शकलेल्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात केला, पण कोणी थांबले नाही, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते.

त्या गाडीवाल्यांचा न्याय करायला आम्ही बसलेलो नाही. ताशी १२० किलोमीटरने गाड्या धावतात अशा रस्त्यावर, रात्रीच्या अंधारात एकदम थांबणे धोक्याचेच असते. पण थांबता आले नाही तरी शेजारच्या सीटवरून एक फोन करता येतो. आणि नेमके अशा वेळी आपल्या सर्वांच्याच मनात एक वाक्य हळूच डोकावते, कोणीतरी फोन केलाच असेल. आज या वाक्याचा थोडा विचार करू.

१९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जिनोव्हीज नावाच्या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. ३८ शेजारी नुसते पाहत राहिले, असे वर्तमानपत्राने छापले. हा आकडा फुगवलेला होता, हे पुढे उघड झाले. पण त्या बातमीने अस्वस्थ होऊन डार्ली आणि लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला व १९६८ साली तो प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले विद्यार्थी यंत्रावरून एकमेकांशी बोलत आहेत आणि बोलता बोलता एकाला झटका येतो, असा बनाव त्यांनी रचला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के जणांनी झटका चालू असतानाच धावत जाऊन कळवले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी फक्त ३१ टक्क्यांनी. गप्प बसलेले निर्दय होते का? मुळीच नाही. त्यांच्यापैकी कित्येकांचे हात थरथरत होते. त्यांनी एवढेच केले, की कर्तव्याची मनातल्या मनात वाटणी केली.

आमच्या मते चूक इथेच आहे. शेताची वाटणी होते. पाच एकरांचे पाच भाऊ वारस असतील तर प्रत्येकाला एक एकर येते. पण रस्त्यावर पडलेल्या माणसाला पाच जणांनी पाहिले, तर प्रत्येकावर पाचवा हिस्सा जबाबदारी येत नाही. प्रत्येकावर ती अख्खीच येते. पाच फोन गेले तर चौघांना ‘गाडी निघाली आहे’ एवढे उत्तर मिळेल, त्यात कोणाचे काय बिघडले? पवित्र मिस्साच्या सुरुवातीला केलेल्या पापांबरोबर टाळलेल्या कर्तव्याबद्दलही आपण क्षमा मागतो, आणि ती प्रत्येक जण स्वतःच्या नावाने मागतो.

दुसरी सबब भीतीची. पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील, कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतील. ही भीती उगाच निर्माण झालेली नाही, हे मान्य. पण कायदा आता तसा राहिलेला नाही. अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने केलेल्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बळ दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्हेतूने मदत करताना काही कमीजास्त झाले तरी मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. या कलमात मदत करणाऱ्याला दिलेले नाव शुभवर्तमानातल्या शोमरोन्याचे आहे. त्या दाखल्यात जखमीला ओलांडून पुढे गेलेला पहिला माणूस याजक होता, याची आठवण आम्हा धर्मगुरूंना सर्वांत आधी ठेवावी लागते.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. बरोबर पाच वर्षे आधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ही मुले पळवणारी टोळी आहे, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती. तिथे कोणी तटस्थ नव्हते, उलट प्रत्येक जण आपण गावाचे रक्षण करतो आहोत असे समजत होता. संशय येणे हे पाप नव्हे. पण त्याची शहानिशा करणे ज्याचे काम आहे, त्याच्या हाती तो सोपवण्यासाठीच पोलिसांचा क्रमांक असतो. आपला अनोळखी पाहुण्यांचा गाव आहे, सरोवर पाहायला कोठून कोठून माणसे येतात. एखाद्याचे वागणे खटकले तर फोन करावा, हात उगारू नये. आणि नुसता वेश, भाषा किंवा जात पाहून खटकले असेल, तर फोनही करू नये. पोलिसांना कधी कधी आपली एवढीच मदत लागते.

शेजारच्या घराचे काय? भिंतीपलीकडून बाईचे ओरडणे ऐकू येते, आणि ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. फोन करणे ही चुगली नव्हे का, असे आम्हाला विचारले जाते. आम्ही उलट विचारतो, फोन कोणासाठी करायचा आहे? कोणाची जिरवण्यासाठी असेल तर ती चुगलीच. मार खाणाऱ्यासाठी असेल तर ती साक्ष. मुलांच्या बाबतीत तर कायद्याने निवड ठेवलेलीच नाही. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती असून न कळवणे हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा ठरतो. यातून ‘संस्थेची अब्रू’ म्हणून कोणाची सुटका नाही, शाळेची नाही आणि चर्चचीही नाही.

शेजाऱ्याशी कायमचे वैर येईल, या भीतीला मात्र कोणतेच कलम पुरत नाही. पोलीस अर्ध्या तासात परत जातात आणि आपल्याला त्याच गल्लीत राहायचे असते. आमच्याकडेही यावर सोपे उत्तर नाही. दोघा-तिघा घरांनी मिळून दार ठोठावले तर वैर एकावर येत नाही, एवढे सुचवतो.

थोडे कामाचे. महाराष्ट्रात २०२१ पासून पोलिसांसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, संकटातल्या मुलांसाठी १०९८. ११२ चा फोन लोणार ठाण्यात नव्हे, दूर नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. तिथल्या माणसाला ‘धारेजवळ या’ म्हटले तर काय कळणार? आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग खूण असे सांगावे. घाईत लोणारचे लोणी ऐकू जाऊ शकते, म्हणून ‘बुलढाणा जिल्हा’ हे शब्द आधी. महामार्गावर असाल तर किलोमीटरच्या पाटीवरचा आकडा आणि गाडी कोणत्या दिशेला चालली होती, ते. मुलांना गंमत म्हणून हा नंबर लावू देऊ नये. आणि बोलणे झाल्यावर मोबाईल बंद करू नये. परत फोन आला तर उचलावा, अंधारात निघालेल्या गाडीला फाटा सापडत नसेल.